चार रविवार मागून घेणारे शमुवेलकाका

श्री. शमुवेल हिवाळे यांची आणि माझी पहिली भेट उंद्रीच्या चर्चच्या पायरीवर झाली. आगमनकाळाचा पहिला रविवार होता. नाताळापूर्वीच्या या चार आठवड्यांत ख्रिस्ती माणूस प्रभूच्या येण्याची वाट पाहतो. मी मात्र तेथे गेलो होतो तो ते चर्च बंद करावे की काय, याचा अहवाल लिहायला. गावाला तीन वर्षे पाळक नव्हता, बरीच कुटुंबे बुलढाण्याला गेली होती, आणि पाळक म्हणून नुकतीच दीक्षा झालेल्या माझ्याकडे वरिष्ठांनी हे काम सोपवले होते.

काकांचे शिवणकामाचे दुकान होते. पाळक नसल्याने रविवारची उपासनाही तेच चालवीत. त्या दिवशी आम्हा दोघांना धरून सहाजण होतो. उपासना संपल्यावर मी येण्याचे खरे कारण सांगितले. ते रागावले नाहीत.

"चार रयवार थांबा, साहेब," ते म्हणाले. "आगमनकाळ लागला. नाताळ झाल्यावर तुमाले जे लिहाचं ते लिहा."

मी कबूल केले. अहवालाची घाई तशी कोणालाच नव्हती.

काका जात्याच आशावादी असावेत अशी माझी समजूत झाली होती. ती त्यांनीच दुरुस्त केली. आदल्या वर्षी याच दिवसांत एका रविवारी ते चर्च उघडायला गेलेच नव्हते. दुकानात मशीनवर बसून राहिले होते. शेजारी सायकली दुरुस्त करणारे रहीमभाई येऊन म्हणाले, "टेलरसाब, आज घंटी नहीं बजी. तबीयत ठीक है ना?"

"तब्येत ठीक व्हती," काकांनी मला सांगितले, "मनच उठत नव्हतं. कोणी येत नाही, तं वाट कोणाची पाहाची? पण हे रहीमभाईले कसं सांगाचं? उठलो, अन् घंटा वाजवली."

त्या दिवशी उपासनेला ते एकटेच होते. सगळा क्रम त्यांनी पूर्ण केला.

दुसऱ्या रविवारी त्यांनी मला गावाबाहेर एका मळ्यात नेले. तेथे सगुणाबाई नावाच्या वृद्ध भगिनी अंथरुणाला खिळून होत्या. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस आमच्याकडे दीक्षित पाळकानेच द्यायचा असतो. सगुणाबाईंना प्रभुभोजन तीन वर्षांत मिळाले नव्हते. काका दर आठवड्याला जाऊन प्रार्थना करीत, पाळक पाठवा म्हणून पत्रे लिहीत. उत्तर येत नसे. घरच्यांनी गळ घातली होती, "काका, तुमीच देऊन टाका. कोण पाहून राह्यलं?" काकांनी नकार दिला होता.

"जे द्याचा मले अधिकार नाही ते मी देलं, तं तिच्या हाती काय पडलं?" ते मला म्हणाले.

"आणि पाळक येण्याआधीच त्या गेल्या असत्या तर?"

काका म्हणाले, "तं ते ओझं माह्यावर राह्यलं असतं, साहेब. मरेपर्यंत."

काकांचे त्या वेळी बरोबर होते की नाही, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पण मी पाळक असून रिकाम्या हाताने आलो होतो, हे मात्र मला चांगलेच कळले.

तिसऱ्या रविवारी मी प्रभुभोजनाचे साहित्य घेऊन चिखलीहून जीपने आलो. सगुणाबाईंनी मला नीट निरखून पाहिले. "काऊन रे बाप्पा," त्या म्हणाल्या, "रस्ता चुकला व्हता काय?" तळहातावर ठेवलेली भाकर त्यांनी लगेच तोंडात घातली नाही, कितीतरी वेळ मुठीत धरून ठेवली. काका तोंड फिरवून दाराबाहेर गेले.

ही बातमी नातेवाइकांमार्फत बुलढाण्यापर्यंत पोचली. चौथ्या रविवारी तिकडची दोन कुटुंबे उपासनेला आली. तरीही बाकडी अर्धीच भरली. चर्च उघडे ठेवावे आणि महिन्यातून एकदा पाळक पाठवावा, असे मी अहवालात लिहिले. पहिली सूचना लगेच मान्य झाली. दुसरीसाठी आणखी दोन आगमनकाळ जावे लागले. तोवर काका पत्रे लिहीत राहिले. फरक इतकाच, की त्यांवर माझीही सही असे. सगुणाबाई पुढचा उन्हाळा पाहून गेल्या. त्यांच्या अंत्यविधीसाठी काकांनी मला स्वतः फोन केला, आणि मी वेळेवर पोचलो.

माझ्या उपासनेच्या झग्याची बाही विरली होती, हे माझ्या लक्षात येण्यापूर्वी काकांच्या आले. एके दिवशी त्यांनी नवा झगा शिवून हातात ठेवला. माप त्यांनी कधी घेतले, ते मला अजून ठाऊक नाही.

काका यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. नजर मंदावली आहे, सुईत दोरा नात ओवून देते. उपासनेतील वाचन त्यांनी तरुणांकडे सोपवले आहे. वाचणारा अडखळला की पहिल्या बाकावरून नेमका तेवढाच शब्द ऐकू येतो.

प्रभूने त्यांना आणि काकूंना निरोगी, समाधानाचे दीर्घ आयुष्य द्यावे, अशी आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. या प्रार्थनेत आमचा स्वार्थही आहे. वाट कशी पाहावी, हे आमच्या मंडळीला अजून नीट जमलेले नाही. ते शिकून होईपर्यंत काका आमच्यात असावेत. आणि आम्ही अगदी सावकाश शिकणार आहोत.