पिवळ्या टोपीवाला अजून उभा आहे

फोन गिरणीच्या ऑफिसात आला. मी इकडे लांब कोइमतूरला सूतगिरणीत कामाला आहे. पलीकडून नानांचा पुतण्या एवढंच म्हणाला, "नाना गयात भो." मागे यंत्रांचा आवाज चालू होता. मी "हो, हो" म्हणत राहिलो, जणू कोणी पत्ता सांगत होतं. डोळ्यांसमोर नानांचा चेहरा आलाच नाही. आली ती त्यांची पाठ... टीव्हीसमोर पाटावर बसलेली, बनियनच्या भोकातून दिसणारी. आता काही आठवडे गेले आहेत. नववीत शाळा सोडलेल्या माणसानं पेपरात काय लिहावं, ही भीती आहेच. तरी लिहितो, कारण नानांचं देणं दुसऱ्या कशानं फिटेल असं वाटत नाही.

खानदेशात, दोंडाईच्यात स्टेशनच्या रस्त्याला लोटननानांचं घर. पुढच्या खोलीत आधी व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं मिळायच्या, मग तिथे व्हिडिओ गेमचं मशीन आलं. खिडकीला निळा पडदा होता, त्यामुळे भर दुपारी सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. बाहेर मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या. वाऱ्याची झुळूक आली की पडदा फुगायचा आणि आतले सगळे एकदम शिंकायचे. मी तेव्हा गावातच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो. हंगाम संपला की दुपारच्या दुपारी मी त्या निळ्या उजेडात बसून काढायचो.

तिथे जमणाऱ्या आम्हा पोरांची आवडती खेळाची सीडी होती जपानी. अक्षर कोणाला लागत नव्हतं, बोलणं तर नाहीच. म्हणून नाना टीव्हीचा आवाज बारीक करायचे आणि स्वतःच सगळ्यांचं बोलायचे, आपल्या अहिराणीत. तलवारवाला पोरगा, नावाडी, राणी, राक्षस, सगळे नानाच. आणि समोर कोणीही येवो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवना का रे?" राक्षससुद्धा आधी जेवलास का हेच विचारायचा आणि मग अंगावर यायचा. आतल्या खोलीतून नानी ओरडायच्या, "त्या राक्षसले इचारतस, माले कधी इचारं?"

त्या खेळात मधे मधे, बटण न दाबता, आपोआप पिक्चर लागायचा. तो दोन जातींचा असतो, हे आम्हाला टोपीमुळे कळलं. नानांनी खेळातल्या दुकानातून त्या तलवारवाल्या पोराला एक पिवळी, गवताची, अगदीच वेडगळ टोपी घेऊन दिली होती. एकदा मोठा पिक्चर लागला. काय ते रूप! केसन् केस उडतोय, डोळ्यात पाणी चमकतंय... पण डोक्यावर टोपी नाही. पिक्चर संपला, पोरगा पुन्हा ठोकळ्यासारखा झाला, आणि टोपी परत डोक्यावर! खोलीत दंगा झाला. "नाना, टोपी कोठे गयती?"

नानांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, "तो लगनना फोटो शे. फोटोवालानी त्यानाजोडेना कोट घालाले लावा, तोंडले पावडर लावी, आन काढी ठेवा. तुम्ही काहीबी करा, तो बदलाव नही." म्हणजे मोठा पिक्चर आधीच काढून ठेवलेला, फोटोवाल्याच्याच कोटात. मग पडद्यावरच्या ठोकळ्याकडे बोट केलं. "आन हाऊ घरना मानूस. जे आपीन घालं, तेच आंगवर." खेळात काही पिक्चर असेही होते की ज्यात हा घरचा ठोकळाच हलायचा, बोलायचा. ते तिथल्या तिथे, त्याच वेळी तयार होत. तोंड धड उघडायचं नाही, हाताला बोटं नाहीत. पण टोपी असायची. नानांना तेच पिक्चर आवडायचे. आम्हाला अर्थात लग्नाचा फोटो.

घरच्या पिक्चरची एक गंमत होती. तो कधी संपला ते कळायचं नाही, कारण चित्र तेच राहायचं. एका दुपारी नाना चहा सांगायला बाहेर गेले होते. पोरगा नदीकाठी झाडाखाली आला, नावाड्याशी काहीतरी बोलला, नाव निघून गेली. पोरगा उभा राहिला. झाडाची पानं हलत होती. छाती किंचित वरखाली होत होती. आता काहीतरी मोठं होणार... मशीनचं बटणाचं खोकं माझ्याच मांडीवर होतं. कोणी शिंकलंसुद्धा नाही. किती वेळ गेला कोण जाणे. नाना आले, दारातच थांबले.

"काय देखी ऱ्हायनात?"

"सीन चालू शे, नाना."

"सीन कव्हयना सरना! तो तुमनी वाट देखी ऱ्हायना!"

सीन कधीच संपला होता, पोरगा आमच्या बटणासाठी थांबला होता. सगळे हसून लोळले. मी हसलो नाही. त्याच आठवड्यात कोइमतूरच्या गिरणीत जागा असल्याचा निरोप आला होता. आई जा म्हणत होती, आणि मला परक्या मुलखाची, परक्या बोलीची इतकी धास्ती की मी हो-नाही काहीच बोललो नव्हतो. नानांना ते ठाऊक होतं. चहाचा ग्लास माझ्या हातात देत ते हळूच म्हणाले, "दम तो बी ली ऱ्हायना, दम तू बी ली ऱ्हायना. बटन कोन दाबी, येडा?"

मी गेलो. पहिले काही महिने इथलं तामिळ कानांवरून नुसतं वाहून जायचं. मुकादम तावातावानं बोलायचा आणि माझा जीव घाबरा व्हायचा. मग मी मनातल्या मनात त्याचा आवाज बारीक करायचो. त्याच्या तोंडून नाना म्हणायचे, "जेवना का रे?" हसू यायचं, हात चालू लागायचे. असा मी इथे टिकलो.

नानांच्या बातमीनंतर रजा मिळाल्यावर दोंडाईच्याला गेलो. निळा पडदा तसाच होता. भिंतीवर हार घातलेला नानांचा फोटो, स्टुडिओतला, कोणाच्या तरी कोटातला. मी त्याच्याकडे बघत होतो आणि नाना काही केल्या दिसेनात. नानींनी ते ओळखलं असावं. म्हणाल्या, "मशीन लाव."

खेळ जिथे थांबवला ती जागा लक्षात ठेवणारं एक छोटं कार्ड असतं. ते मशीनमध्येच होतं. लावलं. नदीकाठ, झाड, आणि खाली तो उभा. पिवळी टोपी डोक्यावर. नानांनी शेवटचं त्याला इथेच ठेवलं होतं. छाती वरखाली होत होती. माझा अंगठा बटणावर टेकेना. वाटलं, हा हलला की नाना इथून गेले.

"आते हाऊ आसाच उभा ऱ्हाई का?" नानी म्हणाल्या. "चालाड त्याले."

मी बटण दाबलं. टोपी डुलवत तो पाण्याकडे गेला. समोरून नाव आली, नावाडी तोंड हलवू लागला. नानींनीच हात पुढे करून टीव्हीचा आवाज बारीक केला. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय म्हनस तो?"

मी नानींकडे वळून म्हणालो, "म्हनस... तुम्ही जेवन्यात का?"

नानींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "नही. त्याले सांग, आते जेवसू." आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

मी मशीन बंद केलं. नवी जागा कार्डात ठेवली नाही. पुढच्या रजेत लावीन तेव्हा तो पुन्हा झाडाखालीच असेल, नानांनी घातलेल्या टोपीत, दम घेत.