‘ण’ला दोन बटणं

गांगुर्डे सरांच्या तासाला पहिली दहा मिनिटं शुद्धलेखनाची, हा अंबरनाथच्या त्या शाळेतला चोवीस वर्षांचा नेम होता. फळ्याजवळ उभं राहून सर दहा शब्द सांगणार आणि मुलांनी ते वहीत उतरवायचे. दहांतल्या निदान चार शब्दांत ‘ण’ असायचाच. लोणी, आठवण, दुखणं, पाणी. मुलं पाठीमागे त्यांना ‘बाणसर’ म्हणायची, कारण बालवाडीपासून सगळ्यांना एकच पाठ, ‘ण’ बाणातला. सरांना हे नाव ठाऊक होतं आणि आतून थोडं आवडतही होतं. एवढा हट्ट एका अक्षरासाठी का, हे मात्र त्यांनी शाळेत कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

२००६ साली दहावी ‘ब’मध्ये रोहिणी नावाची मुलगी होती. कुटुंब मूळचं बदलापूरच्या पुढचं, बारवीच्या डोंगरातल्या ठाकूरवाडीतलं. बाप चांगो मोरिवलीच्या कारखान्यांत हमाली करायचा. आई रखमा उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात लग्नपत्रिकांना घड्या घालायला आणि पाकिटं चिकटवायला जायची. शाळा दुपारची असल्यामुळे सकाळी रोहिणीही आईबरोबर जाते, एवढंच सरांच्या कानावर होतं. तिथं ती काय करते, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही. मुलीच्या वहीत लोणी बहुतेक वेळा ‘लोनी’ असायचं आणि दुखणं ‘दुखनं’, सरांचं लक्ष तेवढ्यावरच असायचं.

त्यात तिला एक खोड होती. शब्द सांगितला की ही पेन खाली ठेवायची आणि दोन्ही हातांच्या बोटांनी बाकावर वाजवायची. टक टक टक. मग पेन उचलून लिहायची, तोवर पुढचे दोन शब्द निघून गेलेले असायचे. पोरं फिदीफिदी हसायची. ‘तबला आला तबला’ म्हणायची. शुद्धलेखनाची चाललेली ही थट्टा सरांना सहन होण्यासारखी नव्हती. जूनमध्ये एकदा त्यांनी पट्टी घेतली आणि तिच्या बोटांच्या पेरांवर चार मारल्या. पेन खाली ठेवायचं नाही आणि बोट हललं तर वर्गाबाहेर, असा दम भरला. तेवढ्यावर थांबते तरी बरं होतं. वर्गासमोर म्हणाले, “‘ण’ तुझ्या जिभेलाच नाही, तर हातात कुठून यायचा?”

बोटं गप्प झाली. पूर्वी अधूनमधून तरी येणारे तिचे ‘ण’ही त्यानंतर बंद झाले. हे सरांना दिसलं होतं, नाही असं नाही. पण माणसाला एकदा राग आला की समोर दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ तो रागाच्या सोयीने लावतो. मुलगी हट्टी आहे, असा अर्थ सरांनी लावला. ऑगस्टच्या चाचणीत तिला मराठीत वीसपैकी दोन गुण पडले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याच आठवड्यात प्रत्येक शिक्षकाकडून कच्च्या मुलांची यादी मागवली. रौप्यमहोत्सवी वर्षाचा निकाल खराब व्हायला नको होता. यादीतल्या मुलांनी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता. त्यांनी घरी बसून, बाहेरून परीक्षा द्यायची, म्हणजे नापास झाली तरी शाळेच्या टक्केवारीत धरली जात नाहीत. कागदावर ही सोय फार चांगली दिसते. पण रोहिणीसारखी मुलगी एकदा घरी बसली की तिची परीक्षा लग्नाच्या बोहल्यावरच होते, हे बाईंना माहीत होतं आणि सरांनाही. तरी सरांनी आपल्या वळणदार अक्षरात पहिलं नाव तिचंच लिहिलं. शनिवारी चांगोला सहीसाठी बोलावणं गेलं.

त्याच शनिवारी सर संगणकाच्या खोलीत बसले होते. कुणा दानशूराने शाळेला पाच संगणक दिले, त्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि सर त्या खोलीत तोवर दोनदाच गेले होते, एकदा पूजेला आणि एकदा पंखा बंद करायला. मुलं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप लिहितात, सायबर कॅफेतून निबंध छापून आणतात आणि त्यावर नुसतं आपलं नाव घालतात, हे सगळं बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. शिक्षकांच्या सभेत ते एकदा म्हणाले होते की या यंत्राने मुलांच्या हातातलं अक्षर जाणार आणि अक्षर गेलं की माणूस पुन्हा वट्यावर जाऊन बसणार. वट्यावर म्हणजे कुठे, ते कुणाला कळलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आज मात्र गरज पडली होती. महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वडिलांवर लिहिलं होतं. मुद्रितं तपासायला छापखान्याने कागद पाठवलेच नाहीत, एक सीडी पाठवली. आता सगळं पडद्यावरच बघतात म्हणे. शिपायाने सीडी लावून दिली, लेख उघडला आणि सर बघतच राहिले. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, स्वल्पविराम, मध्येच एखादी डॉलरची खूण. पानंच्या पानं तेच. तीन महिने एकेक वाक्य घासून लिहिलेले वडील तिथं कचऱ्यासारखे पडले होते. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच त्यांना संताप आला.

दाराशी चांगो उभा होता, चपला बाहेर काढून. मागे रोहिणी. सरांनी पडद्यावरची नजर न काढताच फॉर्मचं समजावून सांगितलं. चांगो मान हलवत राहिला.

“तुम्ही म्हनाल तसं, गुर्जी. तिला घरी ठेवतो.”

रोहिणी सरांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. बघता बघता तिचे ओठ हलायला लागले. सरांना वाटलं, रडते की काय. मग आवाज फुटला.

“माझे वडील शंकरराव गावच्या शाळेत बाहेर वट्यावर बसत. आत बसायची त्यांना परवानगी नव्हती.”

सर खुर्चीत वळले. वर्गात पुस्तक हातात दिलं की दर शब्दाला अडखळणारी ही मुलगी त्या टिंबाकंसांच्या ढिगातून सरळ वाचत होती, बाजारातली पाटी वाचावी इतक्या सहज.

“एके दिवशी त्यांनी पाटीवर लिहिलं, पानी. गुरुजींनी ती पाटी पायाने पुसली आणि म्हणाले, तुमच्या जिभेला ‘ण’ कधी यायचा नाही.”

इथं ती थांबली. पडद्याजवळ बोट नेऊन म्हणाली, “सर, हितं चुकलंय. पाणी पायजे. यानं पानी मारलंय.”

“चूक नाही ती,” सर म्हणाले. “तिथं तसंच हवं.”

मग त्यांनी विचारलं, जे जूनमध्येच विचारायला हवं होतं. थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. शेठकडचा मराठी टाईप करणारा माणूस सोडून गेला, तेव्हा आईशेजारी बसणाऱ्या या मुलीला शेठने मशिनवर बसवलं. तिथल्या मशिनवर मराठी अक्षरं पडद्यावर येतात, पण बटणांवर इंग्रजीच असतात. कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, ते तिने पाठ केलं. ज्या मशिनमध्ये मराठीचा टाईप घातलेला नसतो, तिथं नुसती बटणांचीच अक्षरं दिसतात, आणि तीही तिला आता मराठीसारखीच वाचता येतात. शेठला मराठी वाचता येत नाही. पत्रिकेत एक बटण चुकलं की गिऱ्हाईक अख्खा गठ्ठा परत आणतं आणि शेठ आईला बोल लावतो. त्यामुळे तिच्या बोटांनी चुकायचं सोडून दिलं होतं.

“‘न’ला एकच बटन लागतं, सर. ‘ण’ला दोन,” ती म्हणाली. टेबलाच्या कडेवर तिची बोटं चालली. “आय, के, टिंब, के, एच. पाणी. पाच. पानी असलं तर चार. तोंडाला नाय कळत माझ्या. आमच्यात सगळे पानीच बोलतात. बोटांना कळतं. म्हनून वाजवायची.”

“मग बंद का केलंस?” सरांनी विचारलं, आणि प्रश्न तोंडातून निघताच त्यांना उत्तर आठवलं.

रोहिणीने खाली बघितलं. “तुम्ही बंद केलं ना.”

हरिचंद्र गांगुर्डे यांना त्या क्षणी इतकी लाज वाटली की खोलीत एक मूल आणि त्याचा बाप उभे आहेत याचंही भान राहिलं नाही. वडील मरेपर्यंत त्या पुसलेल्या पाटीचं नाव निघालं की आवाज खाली घ्यायचे. त्या पायाचा सूड म्हणून सर मराठीचे शिक्षक झाले, चोवीस वर्षं ‘ण’ पेरत आले आणि जे वाक्य वडिलांना ऐकावं लागलं, तेच त्यांनी भरवर्गात या मुलीला ऐकवलं होतं. जवळजवळ त्याच शब्दांत. तो गुरुजी निदान परका होता. सर वट्यावर बसणाऱ्याचा मुलगा होते.

ते उठले आणि यादी घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी हुशार असेल, त्या म्हणाल्या, पण बोर्डाचा पेपर हाताने लिहायचा असतो, मार्च काही लांब नाही, आणि निकाल पडला तर जबाबदारी कुणाची? बाईंचं बोलणं खोटं नव्हतं. मार्चपर्यंत जमेल की नाही, हे सरांनाही सांगता येत नव्हतं. त्यांनी रोहिणीचं नाव खोडलं आणि समासात लिहिलं, जबाबदारी माझी. खाली सही केली. ते अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार आलं नाही.

सोमवारी पहिली दहा मिनिटं शुद्धलेखनाची. सर फळ्याजवळ आले, वर्ग वह्या उघडून बसला. रविवारभर त्यांनी मनात माफीची तीन-चार वाक्यं जुळवली होती. शुद्ध, निर्दोष वाक्यं. पण पन्नास मुलांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यातलं एकही बोलण्याजोगं वाटलं नाही.

“रोहिणी,” ते म्हणाले, “पेन खाली ठेव. हात बाकावर. तुझं होईपर्यंत मी पुढचा शब्द सांगणार नाही.”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी तिकडे नुसतं बघितलं. वर्ग शांत झाला.

“पाणी,” सर म्हणाले.

बरेच दिवस न हललेली बोटं आधी जागच्या जागी घुटमळली. मग टक. टक. सर मोजत होते. टक. टक. चारनंतर ती क्षणभर थांबली. मग पाचवी टक वाजली आणि तिने पेन उचललं.