संतबाईंचा शिळा निवद

शिळी भाकरी मला मुळीच आवडायची नाही. ती मी गुपचूप म्हशीला घालायची. नळदुर्गला तेव्हा मिशनच्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या. माझा पाय भाजला, तशा त्या रोज पट्टी बदलायला घरी यायला लागल्या. एकदा त्यांनी आईला त्यांच्या धर्मातल्या एका संत सिस्टरचं चित्र दिलं. आईनं ते देव्हाऱ्यात भवानीशेजारी ठेवलं, कुंकू लावलं आणि विचारलं, "हिला निवद कशाचा लागतो, बाई?"

सिस्टर हसून म्हणाल्या, "मठात सगळ्यांचं उरलेलं शिळं हिला वाढायचे. ही कधी कुरकुरली नाही."

झालं! दुसऱ्या दिवसापासून चित्रापुढं शिळी भाकरी, आणि तोच प्रसाद माझ्या ताटात. प्रसाद म्हशीला कसा घालणार? मी सिस्टरवर भयंकर चिडले. त्या आल्या तेव्हा मुद्दाम अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली आणि नाक कधी मुरडतात ते बघत बसले. त्यांनी ती सावकाश चावून संपवली. मग माझ्या हातातल्या अर्धीकडं बघून म्हणाल्या, "तुला नको असेल तर दे."

का कोण जाणे, मला ती देववली नाही.