पितळेचा गर्भ

"हे निंगालं कोठून, थे पयले सांगा जी."

कुठलीही वस्तू हातात दिली की ते आधी डोळे मिटायचे, ती तळहातावर तोलायचे आणि हा प्रश्न विचारायचे. कढई दुरुस्तीला आणणाऱ्या बाईला वाटायचं, म्हातारा दुकानाचं नाव विचारतोय. ते विचारत असायचे कढईच्या कानाबद्दल. "कान वरून चिकटवला का तुटतेच. भांड्याच्या अंगातून निंगाला पायजे."

भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या भट्ट्यांची एक जुनी ओळ आहे. त्या ओळीत त्यांची भट्टी होती. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणायची. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. आदराने ते घ्यायची वेळ आली तेव्हा मी घेतलं नाही. आता छापून काय करू?

मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गर्भ कसा वाढतो, कोणता अवयव कशातून घडतो, हा माझा आवडीचा विषय. आमच्या प्रयोगशाळेतले प्लॅस्टरचे नमुने उन्हाळ्यात तडकून पावसाळ्यात बुरसलेले. तपासणीसाठी बाहेरून समिती येणार होती, तेव्हा प्राचार्यांच्या डोक्यात कल्पना आली, की भंडारा पितळेचं गाव आहे, तर नमुना पितळेचा का नको? विषय मी निवडला : गर्भातल्या अंतःस्रावी ग्रंथी. थायरॉइड, पिट्यूटरी वगैरे ज्या ग्रंथी आपला रस थेट रक्तात सोडतात, त्या गर्भात जन्मतात एकीकडे आणि मुक्कामाला जातात दुसरीकडे. ते सगळे प्रवास एका नमुन्यात दाखवायचे होते. गर्भाचं डोकं आणि मान पितळेत, ग्रंथी तांब्यात आणि त्यांच्या वाटा बारीक तारेत.

मी माझं चित्र आणि सोबत एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन काकाजींकडे गेले. पुस्तक फक्त गर्भाचा आकार कळावा म्हणून. काकाजी चौथी शिकलेले. पुस्तक उघडण्याआधी त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा धुतले.

"केवढं असते जी हे लेकरू या वक्ती?"

"पाचव्या-सहाव्या आठवड्यात? चवळीच्या दाण्याएवढं."

"आन येवढ्यात येवढा कारखाना!"

त्यानंतर महिना-दीड महिना मी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जात होते. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एखादी गोष्ट समजल्याशिवाय हातच चालवता येत नाही. मला वाटलं होतं, आकार दिला की ओतून देतील. पण थायरॉइड कुठून निघते हे कळल्याशिवाय ते साच्याच्या मेणाला हात लावेनात. मी सांगितलं, थायरॉइड जिभेच्या मुळाशी सुरू होते, तिथून गळ्याच्या पुढून खाली उतरते आणि मानेत बसते. जाताना मागे एक बारीक नळी राहते, पुढे तीही विरते. जिभेच्या मुळाशी एक खळगा मात्र जन्मभर राहतो.

"म्हंजे आपल्या सगळ्यायच्या जिभेवर हाय थो खड्डा?"

दुसऱ्या दिवसापासून ते आरशासमोर जीभ काढून उभे. दिसेना, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना जीभ काढायला लावली. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला बघताच हात जोडले. "म्याडम, यायले काय शिकवलं तुमी? गिऱ्हाइकाले जीभ काढा म्हनते हा माणूस!"

पण मग एकदा कानस चालवता चालवता ते हळूच म्हणाले, "इच्या माहेरचं गाव गोसीच्या धरणात गेलं. सरकारनं नवीन गाव देलं, घरं देली, सगळं देलं. तरी खड्डा राहतेच जी, निंगालो त्या जागेचा." काकू आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थोडा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

पिट्यूटरीचं ऐकून तर ते खूश झाले. या ग्रंथीचा एक भाग तोंडाच्या छतातून वर चढतो, दुसरा मेंदूच्या तळातून खाली उतरतो, आणि दोघं भेटून एकच ग्रंथी होते. "हे तर सोयरीक झाली! नवरदेव खालून आला, नवरी वरून आली, मधात मांडव." मूत्रपिंडावर टोपीसारखी बसणाऱ्या अधिवृक्क ग्रंथीचं साल गर्भाच्या एका थरातलं आणि गर दुसऱ्याच थरातून आलेला, हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "दोन घरचे लोक एका छपराखाली. मंग झगडा होत नसन काय?"

ही वाक्यं मी वर्गात वापरायला लागले. पोरं हसायची, त्यांच्या लक्षात राहायचं. "मॅडम काय मस्त शिकवतात" असं बाहेर बोललं जायचं. ही वाक्यं कोणाची हे मी एकदाही सांगितलं नाही. ती माझी पहिली लबाडी, आणि पुढचीपेक्षा फार लहान.

एका दुपारी मी गेले तेव्हा पुस्तक उघडं होतं, शेजारी माझं चित्र, आणि काकाजी नखाने एकेक रेघ गिरवत होते. थायरॉइडच्या पाठीला चिकटून चार छोट्या ग्रंथी असतात, धानाच्या दाण्याएवढ्या. पॅराथायरॉइड. दोन वर, दोन खाली. गर्भात घशाच्या दोन्ही बाजूंना आतून खिशासारखे कप्पे पडतात, त्यांतल्या वरच्या तिसऱ्या आणि खालच्या चौथ्या कप्प्यातून हे दाणे येतात.

"म्याडम, एक दिसून राहिलं मले," ते म्हणाले. "पुस्तकातल्या चित्रात हे दोन धागे एकमेकाले ओलांडून जातेत. वरच्या खिशातला दाणा खाली जाते आन खालच्यातला वर राहते. तुमच्या चित्रात सरळ हायत. वरचा वर, खालचा खाली."

मी घाईघाईने पाहिलं. माझं चित्र माझ्या जुन्या टिपणांवरून काढलेलं होतं आणि त्याच टिपणांवरून मी कित्येक वर्षं शिकवत होते. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की चौथी शिकलेला माणूस इंग्रजी पुस्तक पुढे करून माझी चूक काढतोय आणि शेजारच्या भट्टीवरचे दोघं कान देऊन ऐकताहेत.

"काकाजी, पुस्तक आकारासाठी दिलंय. तुम्ही माझ्या चित्राप्रमाणे करा."

"बरं जी," ते म्हणाले. थोड्या वेळाने मान वर न करता पुन्हा म्हणाले, "पन पाहून घ्याल एक डाव."

मी पाहून घेतलं नाही. पुस्तक मात्र त्याच दिवशी परत नेलं.

नमुना सुंदर झाला होता. समितीच्या दिवशी प्राचार्यांनी काकाजींना मुद्दाम बोलावलं. ते पांढरा शर्ट घालून आले, केसांना तेल, हातात मऊ फडकं. कुणी नमुन्याला बोट लावलं की तो माणूस गेल्यावर काकाजी हळूच पुसायचे. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, यांच्याकडून आपण आता स्मृतिचिन्हंही करून घेणार आहोत. काकाजी लाजून हसले.

समितीत शरीररचनाशास्त्राच्या एक वयस्क प्राध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली वाकल्या आणि बोटाने तारांचा माग काढत गेल्या.

"हे उलटं आहे," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या कप्प्यातल्या ग्रंथी थायमस ग्रंथीबरोबर छातीकडे ओढल्या जातात. त्या खालच्या व्हायला हव्यात. तुम्ही वर दाखवल्यात."

खोलीत प्राचार्य, सहकारी, दारात शिपाई, मागे विद्यार्थी. मला ती नखाने रेघ गिरवणारी दुपार लख्ख आठवली. आणि आठवत असतानाच माझं तोंड बोलून गेलं, "हो मॅडम. मी बरोबर सांगितलं होतं. कारागिराकडून चूक झाली. शिकलेले नाहीत ना."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ते काहीतरी शोधत होते, जणू माझ्या चेहऱ्यावर कुठेतरी ते लिहिलेलं असेल. मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि हात जोडले.

"हो जी. माझ्याच हातानं झालं असन."

चार दिवसांत त्यांनी तारा सोडवून नीट केल्या. मी शेजारी उभी राहून बघत होते, जणू तपासायला. काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता बरोबर हाय काय?" मी म्हटलं, "हो." माझं चित्र त्यांनी नमुन्याबरोबर परत केलं होतं. त्या संध्याकाळी मी ते फाडलं.

स्मृतिचिन्हांचं काम प्राचार्यांनी दुसरीकडे दिलं. आमचा शिपाई त्याच ओळीत राहणारा. बोलणं पसरायला वेळ लागला नाही. म्हाताऱ्याचा हात गेला, नजर गेली, कॉलेजात चारचौघांत चूक निघाली. देवाच्या मूर्ती, समया, बारीक नक्षीचं काम घेऊन येणारी माणसं शेजारच्या भट्टीवर थांबायला लागली. मला हे सगळं कळत होतं. एकदा ओळीत जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर संपलं असतं. मी बाजाराला दुसऱ्या रस्त्याने जाऊ लागले.

पाच-सहा महिन्यांनी काकाजी कॉलेजात आले. माझ्या खोलीबाहेर, चपला काढून. मी आत बोलावलं तरी उंबऱ्यापाशीच उभे.

"म्याडम, एक विचारू काय? राग नोका मानू."

"विचारा ना."

"त्या दिवशी मी तुमाले म्हटलं होतं ना, का धागे ओलांडून जातेत मनून? का मी मनातल्या मनात म्हटलं?" ते ओशाळून हसले. "आता वय झालं. कधी कधी मले समजतच नाई, बोललो का नुसतं इचार केला."

खोलीत आम्ही दोघंच होतो. ऐकणारं कुणी नव्हतं, समिती नव्हती, प्राचार्य नव्हते. 'म्हटलं होतं, काकाजी' एवढंच बोलायचं होतं. पण एकदा ते बोललं, की पुढचं सगळंच बोलावं लागणार होतं.

"मला आठवत नाही, काकाजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मंग मनातच म्हटलं असन." खाली बसून त्यांनी चपला घातल्या. पट्टा अडकवायला त्यांना बराच वेळ लागला आणि मी समोरच्या वह्या तपासत असल्याचं सोंग करत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात काकाजी वारले. मला आठ दिवसांनी कळलं. कळल्यावरही जायला मी महिना लावला.

काकू अंगणात बसल्या होत्या. भट्टी विझलेली, तिच्या तोंडावर पत्रा टाकलेला. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, काय झालं होतं.

"काही नाई जी. कामच सोडून देलं होतं त्यायनं," त्या म्हणाल्या. "हात चांगला होता. पन म्हनत, माह्या डोक्याचा भरोसा नाई आता. मले आठोते का मी म्याडमले सांगतलं, आन म्याडम तं म्हनते मीच चुकलो. मीच म्हटलं, येवढा घोर कायले करता, जाऊन विचारून या म्याडमले. गेले विचारायले. आले, आन त्या दिसापासून कानस नाई उचलली. मी म्हटलं, काय म्हटलं म्याडमनं? तं म्हने, म्याडम खोटं कायले बोलन? माहंच डोकं फिरलं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "काकू, ते बरोबर होते," मी म्हटलं. "त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्या चित्रात चूक होती. मला आठवत होतं. ते विचारायला आले तेव्हाही आठवत होतं."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्या रडतील, शिव्या देतील, मला हाकलून देतील, असं मला वाटलं. यातलं काहीही झालं असतं तर मी सुटले असते. त्या उठल्या, पदर सारखा केला.

"मले कायले सांगता?" त्या म्हणाल्या. "मी कधी म्हटलं का थे चुकले मनून? ज्यायनं म्हटलं त्यायले सांगा. चला."

"कुठे?"

"बाहेर. ओळीत."

त्या पुढे, मी मागे. दुपारची वेळ, सगळ्या भट्ट्यांवर माणसं होती. ठोकण्याच्या आवाजात काकूंनी मधोमध उभं राहून हाका मारल्या. एकेक हातोडी थांबली. आमचा शिपाईही आपल्या ओट्यावर होता. "म्याडमले काही सांगायचं हाय," काकू म्हणाल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "बोला जी."

मी बोलले. वर्गात रोज तासन्‌तास बोलणारी मी, तिथे चार वाक्यांत तीनदा अडखळले. पण सगळं सांगितलं. चित्राचं, समितीचं, आणि चपला काढून उंबऱ्यापाशी उभ्या राहिलेल्या काकाजींचंही.

मग समोरच्या भट्टीवरचा एक म्हातारा, काकाजींच्याच वयाचा, बसल्या जागेवरून म्हणाला, "मंग तवाच काहून नाई बोलल्या जी? जित्ता होता थो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्याही उत्तराची वाट बघत होत्या.