पाचवीचा कागद

भुकूमच्या नव्या सोसायट्यांमधली निम्मी बाळं रिबकाबाईंच्या पायांवर न्हाली आहेत. माझी लेकही. पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर पालथं घालायचं आणि गाणं म्हणत पाणी ओतायचं, ही त्यांची पद्धत. शेजारी सतरंजीवर त्यांची सहा वर्षांची लेक सुवार्ता. तिच्या पायांत जन्मापासून जोर नाही, म्हणून आई तिला कडेवर घेऊनच कामाला येते. कुणी नाक मुरडलं तर म्हणते, "दोघी येऊ, न्हाईतर कुणीच न्हाई."

रिबकाबाई राहुरीकडच्या ख्रिस्ती. नवरा घोटावड्याला कारखान्यात, राहायला घरमालकीण लीलाबाईंची भाड्याची खोली. सुवार्ताच्या पाचवीला लीलाबाईंनी मायेनं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून. बाई मायाळूच. पण पोर चालत नाही हे कळल्यापासून 'सटवाईनं लिवलंय ते चुकत न्हाई' हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की भिंतींनाही पाठ झालं असेल.

गेल्या महिन्यात मी लेकीच्या वाढदिवसाचा केक द्यायला त्यांच्या खोलीवर गेले, तर चर्चचे पंच निरंजन साळवे आलेले. म्हणाले, "रिबका, देवानं तुला आवाज दिलाय. तू गावोगाव गायनसेवेला यायला हवंस. मुलीसाठी शहरात संस्था आहे, तिथेच राहील ती, मी बोलून ठेवलंय. देवाचं पाचारण नाकारू नये."

चहा घेऊन आलेल्या लीलाबाई म्हणाल्या, "ऐक गं त्यांचं. पोरीच्या कपाळी लिवलंय ते तू कुटं पुसणार?"

दोघांचे देव वेगळे, पण पोरीबद्दल दोघांचं एकमत. माझं डोकंच फिरलं. रिबकाबाईंनी मात्र शांतपणे बायबल उघडून आतला घडीचा कागद काढला.

"लीलाबाई, ह्यो तुमचा पाचवीचा कागद. पाचवीच्या दुसऱ्या दिशी सकाळी बघितला तवा कोरा हुता. अजून कोराच हाय." मग पंचांकडे वळल्या. "आन साळवेसाहेब, मला पाचारण आलं ते ही पयल्यांदा रडली तवाच. हिला देवानं माझ्याकडं धाडली. तिला दुसऱ्याच्या दारात ठेवून मी त्याची कुटली सेवा करू?"

"विचार कर पुन्हा," पंच म्हणाले.

"झालाय करून."

त्यांनी कागद सुवार्तापुढे ठेवला, हातात पेन दिलं. पोरीनं जीभ दातांत धरून बराच वेळ घेत आपलं नाव लिहिलं. कुणी चहाला हात लावला नाही.

मग तिनं मान वर केली. "आई, उद्या किती बाळं हायेत?"

"तीन," रिबकाबाई म्हणाल्या. "लवकर उठायचंय."