गोल पाठीची चांदणी आणि माझं खोगीरशास्त्र

चहा ओता, आणि मध्येच हसणार नाही असं वचन द्या. ही फजिती मी आजवर माझ्या सोयीपुरतीच सांगत आले. आज शेवटासकट सांगते.

मी जळगावच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा माझा स्वभाव. घरचे त्याला खोड म्हणतात. गेल्या लग्नसराईत धुळ्याजवळच्या आमच्या गावी भाच्याच्या, हर्षलच्या लग्नाला गेले, तर हा पठ्ठ्या हळदीच्या आदल्या दिवशी अडून बसलेला.

"आत्या, मी घोडीवर बसणार नाही. मारुतीला पायी जाईन."

त्याची भीती निराधार नव्हती. याच गावात, याच घोडीवर त्याचा चुलतभाऊ बसला होता. खोगीर फिरलं आणि नवरदेव फेट्यासकट घोडीच्या पोटाखाली! तो व्हिडिओ दोन तालुक्यांनी पाहिला. हर्षलच्या होणाऱ्या बायकोनेही पाहिला, आणि "तुमचा कधी?" एवढंच विचारलं.

इकडे त्याचे भटूमामा हट्टाला पेटलेले. "नवरदेव पायी? गावमा तोंड दखाडानं नही का आम्ही?"

मी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "हर्षल घोडीवरच जाईल. खोगीर घसरणार नाही. माझा शब्द!"

शब्द देण्यापूर्वी घोडी पाहायला हवी होती, नाही का?

संध्याकाळी सुकदेवनाना आपली घोडी, चांदणी, घेऊन आले. मानेमागे जो उंचवटा असतो, ज्याला खोगीर अडतं, तो हिच्याकडे नावालासुद्धा नव्हता. पाठ कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं, हे तिलाही ठाऊक नसावं. टरबुजाला चार पाय!

मी ॲल्युमिनियमची तार तिच्या पाठीवर दाबून आकार घेतला आणि कागदावर उतरवला. जवळजवळ वर्तुळच.

नाना बिडी विझवत म्हणाले, "ताई, घोडीना झंपरनं माप लई राहिनात का?"

मी दुर्लक्ष केलं. माझं निदान तयार होतं: खोगिराखालचं अस्तर अपुरं आहे. वहिनीकडून तीन गोधड्या मागवल्या.

"ताई, टरबूजवर उशी ठेवा, उशीवर पाट ठेवा," नाना म्हणाले. "टिकी का?"

"नाना, त्याने घर्षण वाढतं."

"वाढी, वाढी," नाना म्हणाले. हाताबाहेर गेलेल्या माणसाशी आपण ज्या सुरात सहमत होतो, त्या सुरात.

नवरदेवाच्या जागी गव्हाचं पोतं बांधलं. चांदणी दहा पावलं चालली. खोगीर सावकाश, मोठ्या रुबाबात कललं आणि पोतं पोटाखाली लोंबू लागलं.

ओट्यावरून हर्षल म्हणाला, "आत्या, तो मी आहे."

मी डगमगले नाही. दोष तंगाचा, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्याचा, असं ठरवलं. भिंतीला पाय लावून स्वतः तो ओढला. आत दोन बोटंही जाईनात, इतका! चांदणी पुन्हा दहा पावलं चालली. आता त्याच पट्ट्यात माझा अख्खा पंजा गेला!

पट्टा ताणला गेला असावा? मोजला, तेवढाच. मग टेप घेऊन घोडीच मोजली. तंग ओढताना एक माप, चालून आल्यावर दुसरं, आणि दोन्हींत चार बोटांचा फरक!

"नाना," मी ओरडले, "ही घोडी आकुंचन पावते आहे!"

नाना हसता हसता खाली बसले. "अहो ताई, तंग वढताना ती पोट फुगाडी लेस. मंग दम सोडी देस. ती तुमले बनाडी राहिनी!"

तोंडी परीक्षेत मुलांचा खोटेपणा श्वासावरून ओळखणारी मी, आणि एका घोडीने नुसता श्वास रोखून मला बनवलं!

पण एक गुण माझ्यात आहे. पुरावा दिसला की मी मत बदलते. थोडा वेळ लागतो, एवढंच. तिन्ही गोधड्या काढल्या. त्यांच्या जागी एकच पातळ, खरखरीत नमदा, आणि त्याखाली वहिनीने फडताळात डबे घसरू नयेत म्हणून अंथरलेली रबरी जाळी. नानांनी छातीवरून एक पट्टा आणला आणि शेपटीखालून दुमची, म्हणजे खोगीर मागून धरणारा पट्टा, घेतली. तंग आवळला, घोडी फिरवली, तिला दम सोडू दिला, पुन्हा आवळला. शिवाय माझा सक्त नियम: नवरदेव ओट्यावरून बसेल; पाच मामांनी एकाच बाजूने ढकलायचं नाही!

दुसऱ्या दिवशी हळद पार पडली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक निघाली. बँड वाजला, पोरी नाचल्या, चांदणीसुद्धा ठेक्यावर डोलली. खोगीर मात्र खिळे ठोकल्यासारखं! मारुतीच्या पारावर हर्षल ताठ फेट्याने उतरला आणि मारुतीच्या आधी माझ्या पाया पडला. सगळ्या गावादेखत! कोणत्याही पदवीदान समारंभात मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

इथेच थांबायचं ना? पण भटूमामा बोलले.

"पोऱ्या काडीसारखा शे. त्यानाखाले काय घसरी? वजनदार मानूस बसाले पाहिजे, मंग खरं."

काय करणार? आक्षेप शास्त्रशुद्ध होता! एका हलक्या नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांना मी स्वतः नापास केलं आहे. पुरेशा वजनाचं कुणी मिळतंय का, म्हणून मी चहूकडे नजर फिरवली. विशेष म्हणजे, सगळे माझ्याकडेच पाहत होते.

मी पदर खोचला. पारावर चढले. नानांनी लगाम धरला. नियमाप्रमाणे उंचावरून, कुणालाही ढकलू न देता, मी उजवा पाय इतक्या निर्धाराने पलीकडे टाकला, की पायामागोमाग मी संपूर्ण पलीकडे गेले.

बँड थांबला. चारी बाजूंनी माणसं धावली. "आत्या!" "ताई!" "पानी आना रे!"

मी धुळीत बसूनच हात वर केला. "मला नंतर उचला! आधी खोगीर बघा! हललं का?"

नाना वाकले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, तंगात बोट घालून पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाले, "जागवर शे, ताई. केसभर हालनं नही. आपन बठ्ठं बराबर बांधं. फक्त तुमले बांधानं राही गयं."