लेकीच्या शिल्पावरची चीर

मंडळी, रोह्याहून परतल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हालाच सांगते.

तिथे माझ्या लेकीच्या सिरॅमिक शिल्पांचं पहिलं प्रदर्शन आहे. आम्ही पेणचे, घरात गणपतींचा कारखाना. मूर्तीवर भेग दिसली की ओल्या बोटाने बुजवायची, हे माझ्या हाताचं जुनं वळण.

मधोमध तिचं मोठं शिल्प होतं. कमरेएवढं, पोकळ, खरखरीत आणि वरपासून खालपर्यंत चिरलेलं. मी बाटलीतल्या पाण्याने अंगठा ओला केला आणि लोकांदेखत ती चीर बुजवायला लागले.

"आई, भाजलंय ते. आता नाय बुजायची."

सोबत आलेल्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगो, पोरीनं मुद्दाम ठेवलीय ती. तू काय ऑर्डर पोचवायला आलीस काय?" सगळे हसले. लेक हसली नाही.

"आत हात घाल," ती म्हणाली.

आत थंडगार होतं. तिच्या बोटांचे दाब तसेच होते, आणि माझी बोटं त्यांत बसत गेली. साच्यात शाडू दाबताना आमच्या मूर्तींच्या पोटातही असेच ठसे उमटतात. मूर्ती पाटावर बसली की ते कुणाला दिसत नाहीत. हिने मात्र उघडे ठेवलेत.

"कसं वाटलं?"

"छान," मी म्हटलं. तिने नुसती मान हलवली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली.

खरं तर मला भीती वाटली होती. पोरीच्या आत एवढं काय दाटलंय, अशी. हे सांगितलं तर तिला ते कौतुक वाटेल का? प्रदर्शन उद्याही आहे. तुम्ही असतात तर काय बोलला असतात?